तूस नावाच्या बँडचा एकच हंगाम

भात झोडायला घेतलं की आमच्या कळंबात सगळ्यांच्या माना खाजायला लागतात. कारण तूस. भाताच्या दाण्यावरचं ते टरफल आणि त्याची धूळ कॉलरच्या आत शिरते, पापण्यांवर बसते, आणि चांगली घासून आंघोळ केली तरी कानामागे थोडी उरतेच. यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, आमच्या भाताच्या गिरणीच्या दारात जेमतेम पाय ठेवला आणि पाचव्या मिनिटाला मान खाजवायला लागले. खाजवता खाजवता हसू आलं. कारण याच नावाचा आमचा एक बँड होता. तूस. पंक रॉक बँड. हसा, हसा, सगळेच हसतात. तेव्हा तर लोक विचारायचे, वरातीला येता का?

त्याच आठवड्यात कर्जतच्या श्रावणीचा निरोप आला. ही कॉलेजातली मुलगी. तिचाही बँड आहे, तिघी मुलींचा, आणि तिला आमच्या भागातल्या असल्या सगळ्या उचापतींचा इतिहास लिहायचाय. म्हणजे हाताने लिहायचा, फोटो चिकटवायचे, झेरॉक्स काढायच्या आणि ओळखीपाळखीत वाटायच्या. तिने प्रश्न पाठवले होते. बँड सुरू कसा झाला? पंकच का? आणि शेवटचा, बँड का मोडला? शेवटच्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. बारा वर्षं मी तेच देत आलेय: शिळफाट्याच्या कार्यक्रमात आमच्या ड्रमरने, नंदूने, ताल सोडला आणि सगळं बोंबललं. एवढं लिहून पाठवूनही दिलं. पहिल्या दोन प्रश्नांपाशी मात्र अडकले. खरंच, सुरू झाला तरी कसा?

माझा आतेभाऊ पक्या शिळफाट्याचा. तो तेव्हा कळंबात एका शनिवार-रविवारच्या बंगल्याची देखभाल करायचा. पाहुणे येत, पोहत, मटण खात आणि निम्मं सामान विसरून जात. एकदा एक गिटार राहिली, दोन तारा तुटलेली, आणि तिच्या पिशवीत एक पेन ड्राइव्ह. पक्याने फोन करून विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, ठेव तुलाच. त्या पेन ड्राइव्हमध्ये इंग्रजी गाणी होती, पन्नासेक तरी, आणि प्रत्येक गाणं दीड मिनिटात खल्लास. आधी वाटलं पेन ड्राइव्हच खराब झालाय. मग नंदूला ऐकवलं. नंदू आमच्याच आळीतला, हळदीला बेंजो पार्टीत वाजवायचा, त्यामुळे वाजवण्यातलं कळणारा आमच्यात तो एकटा. त्याने डोळे मिटून चार गाणी ऐकली आणि म्हणाला, "आयला, हे तर आपल्या हळदीचंच हाय. फक्त नवऱ्याचं नाव नाय घेत."

शब्द आम्हा तिघांनाही कळले नव्हते. राग कळला. याचं मला अजून नवल वाटतं. कुठल्या तरी गारठलेल्या शहरातली पोरं, कोणावर चिडली होती देव जाणे, आणि त्यांचा राग एका प्लास्टिकच्या तुकड्यातून कळंबात येतो आणि आमच्या रागाशेजारी मांडी घालून बसतो. आमच्याकडे राग होताच. त्या वर्षी एका बंगलेवाल्याने शेतावर जायच्या पायवाटेत भिंत घातली होती. डोक्यावर भाताचा भारा घेतलेल्या बायका अख्ख्या भिंतीला वळसा घालून येत. भारा डोक्यावर असला की मान वळत नाही, समोरचं धड दिसत नाही, म्हणून आमच्याकडे बायका लांबूनच ओरडत येतात, "वाट सोडा, वाट सोडा!" मी तेच उचललं. तेच आमचं पहिलं गाणं.

*वाट सोडा, वाट सोडा,*
*भारा डोक्यावर हाय,*
*भिंत तुमची, बांध आमचा,*
*मान वळत नाय!*

काव्य म्हणून शून्य, मला माहितेय. पण बेंबीच्या देठापासून ओरडायला फार सोयीचं.

सराव कुठे करायचा हा प्रश्न होता. घरी शक्य नव्हतं, समाजमंदिरातून दोन दिवसांत हाकललं. शेवटी आईची गिरणी. बाबा गेल्यापासून गिरणी आईच चालवते. गिरणीत आधीच इतका आवाज असतो की त्यात आणखी थोडा वाढला तर कोणाचं काय जातं, असा आमचा हिशेब. लाइटीचा भरवसा नव्हता म्हणून तेव्हा सगळं डिझेलच्या इंजिनावर चालायचं. धक्-धक्-धक् करत ते पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत चालू. पट्टा फटफटायचा, पत्रे थरथरायचे. खालून तांदूळ पडायचा तो इतका गरम की मुठीत धरला तर तळवा लाल व्हायचा. त्या गरम तांदळाचा वास, डिझेलचा वास, पोत्यांचा वास. दारात नंबर लावून बसलेल्या बाया पोत्यांवर रेलून आमच्याकडे बघायच्या, आणि एखादी पदराआडून म्हणायची, "गळा नाय का दुखत गं पोरीचा?"

नंदूचे ड्रम म्हणजे बेंजो पार्टीचा एक जुना ढोल, एक ताशा आणि झांजेच्या जागी गिरणीच्या दोन झिजलेल्या चाळण्या. त्याने त्या तारेने एकमेकींवर टांगल्या होत्या. काय वाजायच्या! पक्याची गिटार हळदीच्या स्पीकरमधून फाटून यायची. आणि आमचं 'वाट सोडा' गाणं नंबर लावलेल्या बायांनासुद्धा आवडायला लागलं, कारण त्यात एक गंमतच होती. धडाधडा पळणारं गाणं धृपदानंतर अचानक जड व्हायचं. चिखलात पाय रुतावा तसं. चार ओळी तसंच ओढत जायचं, आणि मग हळूहळू सुटून पुन्हा पळायला लागायचं. ती जागा आली की बाया माना डोलवायच्या. ही कल्पना कोणाची, यावर माझं आणि पक्याचं भांडण व्हायचं. तो म्हणायचा माझी, मी म्हणायचे माझी. नंदू नुसता चाळण्या पुसत बसायचा.

तो एकच हंगाम. दसऱ्याला सुरुवात झाली आणि महिन्या-दीड महिन्यात अकरा गाणी झाली. बारा वर्षांत मला तेवढं काही दुसरं जमलेलं नाही. कोणी शिकवलं नाही, कोणी बोलावलं नाही, कोणाची परवानगी घेतली नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मार्करने 'तूस' लिहून आम्ही रिक्षांच्या मागे चिकटवलं. मला वाटतं, श्रावणीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच असावं. पंक आम्ही निवडलं नाही गं, आमच्याकडे जे सामान होतं त्यात तेवढंच बसत होतं.

मग शिळफाटा. पक्याच्या ओळखीने तिथल्या एका मंडळाच्या कार्यक्रमात आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली. बाजाराच्या नाक्यावर, फळ्या पाडलेल्या टेंपोवर स्टेज. संध्याकाळची वेळ, भाजीवाले, वडापावचा घाणा, हायवेवरून उतरलेली माणसं. कळंबहून दोन टेंपो भरून लोक आले होते. आई सगळ्यात पुढे, दिवाळीचं नवीन लुगडं नेसून, हातात माझी पाण्याची बाटली. आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही गिरणीबाहेर वाजवत होतो.

'वाट सोडा' घेतलं. धृपद झालं आणि नंदू मागे पडला. मी पुढे, पक्या पुढे, नंदू कुठेतरी मागे पाय ओढत. आमची तोंडं तीन दिशांना. मी मागे वळून डोळे वटारले, तो आणखी गोंधळला, गाणं कोलमडलं आणि थांबलं. समोर कोणीतरी फिदीफिदी हसलं. माझ्या अंगाची आग झाली. मी माईक तोंडाशी तसाच ठेवून, अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडले, "नंद्या, हात मोडले का रं तुझे?"

नाका असा काही हसला म्हणता! गाण्याला मिळाली नसती एवढी दाद त्या वाक्याला मिळाली. नंदूने काठ्या ढोलावर ठेवल्या, टेंपोवरून उतरला आणि गर्दीतून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी बारावीच्या वर्गाला गेले होते तेव्हा येऊन गिरणीतून ढोल-ताशा घेऊन गेला. चाळण्या तेवढ्या ठेवल्या. त्यानंतर आम्ही एकत्र कधीच वाजवलं नाही.

बँड मेला, पण ते वाक्य मेलं नाही. कळंबात ते म्हणच झालं. नंदूच्या हातून काही निसटलं की कोणीतरी हमखास ओरडणार, "नंद्या, हात मोडले का रं?" क्रिकेटमध्ये झेल सुटला की. लग्नात पंगतीला वाढताना डाळ सांडली की. त्याच्या स्वतःच्या लग्नात मंगळसूत्राचा फासा पटकन लागेना तेव्हा अख्खा मांडव ओरडला होता. मीही होते मांडवात. मीही हसले होते. आता लिहिताना लाज वाटते, पण हसले होते.

तर यंदा. गिरणीला आता विजेची मोटार आहे, आणि ऐन हंगामात ती जळली. दारात पोत्यांची थप्पी. आईने कोपऱ्यातलं जुनं डिझेलचं इंजिन पुसून घेतलं, गावातल्या मेकॅनिककडून चालू करून घेतलं, आणि आईचा खांदा दुखतो म्हणून भाताच्या पाट्या ओतायला मी उभी राहिले. बारा वर्षांनी ती धक्-धक् कानावर आली आणि तोंडातून आपोआप 'वाट सोडा' सुटलं. धृपदाशी आले आणि तेवढ्यात हातातली पाटी गिरणीच्या वरच्या पत्र्याच्या तोंडात ओतली.

इंजिन दबलं.

दबणारच. भार वाढला की इंजिनाची गती कमी होते, भात भरडून होत आलं की पुन्हा मोकळं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते हो! फळ्यावर दर वर्षी भार आणि गतीच्या आकृत्या काढते. आणि तिथे रिकामी पाटी घेऊन खुळ्यासारखी उभी राहिले, कारण इंजिन जड झालं होतं, चार ओळी जड चाललं, आणि मग हळूहळू सुटून पळायला लागलं. ती आमची जागा होती. जिच्यावरून मी आणि पक्या भांडायचो ती.

आई पोत्यावर बसून कणी निवडत होती. तिला विचारलं, "आई, आम्ही इथं वाजवायचो तवा तू पाटी कधी ओतायचीस?"

"म्हंजे?"

"म्हणजे मनाला येईल तेव्हा, की काही ठरलेलं होतं?"

"ठरलेलंच की. तुझं ते 'वाट सोडा' आलं का ओतायची. गाण्याला एक पाटी बराबर पुरायची. तुमच्या त्या बोंबाबोंबीत दुसरं काय कळत होतं मला?" आणि सुपातून वर न बघता म्हणाली, "का गं? चुकलं व्हतं काय?"

मी पुढची पाटी भरायला वाकले. गाणं आईचं होतं. म्हणजे अर्धं आईचं आणि अर्धं इंजिनाचं. आणि आमच्या तिघांत ते इंजिन ऐकत होता एकटा नंदू. मी आणि पक्या नुसते वाहत होतो. इंजिन जड झालं की आम्हीही जड, पण आपण जड झालोय हेच आम्हाला कळत नव्हतं. शिळफाट्याला इंजिन नव्हतं, पाटी नव्हती. तिथे आम्ही दोघं सुसाट सुटलो. नंदूने मात्र ते गाणं जसं होतं तसंच वाजवलं, आठवणीने, अगदी पाटीच्या क्षणाला. त्या नाक्यावर गाणं फक्त त्याला येत होतं. आणि हात मोडल्याचं बिरुद मी त्यालाच चिकटवलं.

त्या रात्री श्रावणीला निरोप टाकला, शेवटचं उत्तर थांबव. आणि सकाळी उठून भिवपुरीला गेले.

नंदू आता तिथल्या पॉवरहाऊसमध्ये कामाला आहे, क्वार्टर्समध्ये राहतो. घरात त्याची आठ वर्षांची मुलगी ओवी आणि तो, दोघंच होते. मला दारात बघून त्याला आश्चर्य वाटलं असावं, पण दाखवलं नाही. चहा ठेवला. मी बसल्या बसल्या सगळं एका दमात सांगून टाकलं: मोटार, इंजिन, पाटी, आई. माझं झालं तेव्हा म्हणाला, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिसापासनं. ढोल न्यायला आलो तवा काकू पाटी ओतत होती. इंजिन दबलं. तिथंच कळलं."

"मग बोलला का नाहीस रं?"

"तुझ्याकडं माईक व्हता, मने. माझ्याकडं दोन काठ्या."

"पण नंतर? बारा वर्षं?"

"नंतर तू इचारलंस कधी?" तो शांतपणेच म्हणाला. "आनि काय सांगत फिरू? काकूनं पाटी ओतली म्हणून बँड बुडाला? ती बिचारी पुढं बसली व्हती, तुझी बाटली घेऊन."

मला पटकन रडू आलं. ज्या मला सगळ्याचं कुतूहल, मुंग्या रांगेतच का चालतात इथपासून पेन ड्राइव्हमधल्या रागापर्यंत, त्या मी एक साधा प्रश्न बारा वर्षांत विचारला नव्हता. उत्तर आधीच हातात असलं की माणूस विचारत नाही. मी म्हटलं, "नंदू, माफ कर. श्रावणीच्या त्या इतिहासात मी सगळं खरं लिहून देते."

तो हसला. "ते कोण वाचणार? कर्जतची धा पोरं." मग त्याने आतल्या खोलीकडे मान केली. ओवी तिथे गृहपाठ करत होती. आवाज खाली आणून म्हणाला, "मागल्या म्हयन्यात इचारत व्हती, पप्पा, तुमचे हात खरंच मोडले व्हते का? कळंबात सगळे म्हणतात. काय सांगू पोरीला?"

त्याने माझ्या हातातला रिकामा कप घेतला.

"माफी-बिफी राहू दे, मने. माईकवर बोलली व्हतीस ना? माईकवर सांग."

पुढच्या रविवारी कळंबात सामने होते. भात निघालं की आमच्याकडे माळावर, वरच्या मोकळ्या शेतांत सामने सुरू होतात, आणि सामने म्हटले की मांडव, स्पीकर आणि धावतं समालोचन आलंच. नंदू दर वर्षी गावाच्या संघातून खेळायला येतो. तो सीमारेषेवर उभा होता, टोपी डोळ्यांवर ओढून. ओवी बांधावर बसून बोरं खात होती. मी मांडवात गेले आणि समालोचन करणाऱ्या पोराला म्हटलं, "दोन मिनिटं माईक दे रं."

त्याने माईक दिला. म्हटलं, "मी गिरणीवाल्यांची मनीषा. बारा वर्षांपूर्वी शिळफाट्याला गाणं फसलं ते नंदूमुळे नाही. तो बरोबर वाजवत होता. गाणं मला येत नव्हतं. मी त्याला माईकवरून जे बोलले ते खोटं होतं, आणि तुम्ही सगळे तेच बोलत आलाय, तेही खोटं आहे. त्याचे हात चांगले आहेत." मांडवात कोणीतरी पुटपुटलं, "आता? बारा वर्सांनी?" कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. नंदू बॅट्समनकडे बघत होता. त्याने मान वळवली नाही.

मी माईक परत दिला. पुढचाच चेंडू बॅट्समनने उंच उडवला आणि तो सरळ नंदूकडे निघाला. मी मनातल्या मनात जेवढे आठवतील तेवढे देव आठवले. नंदू दोन पावलं मागे गेला, हात वर केले, चेंडू हातात आला आणि सुटला.

समालोचन करणाऱ्या पोराने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मांडवातून, बांधावरून, झाडावर चढून बसलेल्या पोरांतून, कुठूनच काही आलं नाही. फक्त बोराच्या बिया थुंकून ओवी ओरडली, "पप्पा, फेका ना लवकर, ते दुसरी धाव घेतायत!"